दादाची तयारी

ताईने परस्पर नोकरीसाठी अर्ज केला ही बातमी घरात फुटली तेव्हा आधी सगळे रुसले. रुसून बसल्यावर लक्षात आलं की ती रुसवा काढायला काही येत नाहीये, तेव्हा सगळ्यांना एकदम तिच्या मुलाखतीची तयारी करून घ्यायची हुक्की आली. या घरात मदत नेहमी अशीच येते. आधी आडवी येते आणि मग मोठेपणा घेऊन पुढे होते.

मुलाखत उद्या सकाळी होती. डोळ्यांच्या मोठ्या इस्पितळात चष्म्यांचा नवा विभाग निघत होता आणि तो सांभाळायला माणूस हवं होतं. आज दुकानाला सुट्टी. खाली चष्म्याचं दुकान, वर घर, त्यामुळे सुट्टी म्हणजे एवढंच की शटर बंद आणि माणसं तीच. जेवणं उरकल्यावर धाकट्याने बैठकीच्या खोलीतलं टेबल भिंतीपासून ओढून मधोमध आणलं. टेबलापलीकडे तीन खुर्च्या मांडल्या, अलीकडे एक. पलीकडच्या खुर्च्यांवर बसायला या घरात माणसं कधीच कमी पडली नाहीत. दादा, वहिनी आणि धाकटा ओळीने बसले. अलीकडच्या खुर्चीत ताई. आत्या खिडकीपाशी आरामखुर्चीत होती, कारण तिच्या मते निकाल नेहमी लांबून चांगला दिसतो.

धाकटा एका कंपनीत माणसं नेमायच्या खात्यात होता. गेलं वर्षभर तिथे नेमणुका बंद होत्या, त्यामुळे त्याच्याकडे वेळ भरपूर होता आणि सल्ले त्याहून भरपूर.

“स्वतःबद्दल थोडक्यात सांगा,” तो म्हणाला. आवाज त्याने खास छातीतून काढला होता.

“तुझं दप्तर मी भरून द्यायचे,” ताई म्हणाली. “तुला काय सांगू माझ्याबद्दल?”

“ताई, आत्ता मी तुझा भाऊ नाहीये.”

“बरं वाटलं ऐकून.”

आत्या खुदकन हसली. धाकट्याने घसा साफ केला आणि लॅपटॉपवरचा पुढचा प्रश्न वाचला. “पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?”

ताईने खरोखर विचार केला. “जिन्याखाली,” ती म्हणाली.

दादा पंख्याकडे बघू लागला. गेल्या महिन्यात त्याने ताईचं कामाचं टेबल दुकानाच्या दर्शनी भागातून उचलून जिन्याखालच्या कोनाड्यात सरकवलं होतं आणि त्या जागी मोबाईलच्या कव्हरांचं काउंटर मांडलं होतं. कव्हरांची कल्पना वहिनीच्या भावाची. त्याच्या कल्पना नेहमी दुसऱ्याच्या जागेत मांडायच्या असत. टेबल हलवताना दादाने ताईला विचारलं नव्हतं. ती जेवायला वर आली होती, आणि परत खाली गेली तेव्हा तिचे चिमटे, पकडी, भिंगं घासायचं चाक, सगळं अंधारात व्यवस्थित लावून ठेवलेलं होतं. दादाला वाटलं, व्यवस्थित लावलंय म्हणजे झालं.

“असं कडवट बोलायचं नाही,” धाकटा म्हणाला. “आधीच्या मालकाबद्दल वाकडं बोलणारा उमेदवार तिथल्या तिथे बाद होतो.”

“मालक म्हणजे?” दादा दुखावला. “मी काय हिचा मालक आहे?”

“मग कोण आहेस?” आत्याने खिडकीपाशी बसूनच विचारलं.

“भाऊ.”

“आणि दुकान कुणाचं?”

“माझं.”

“मग त्या दुकानात ही कोण?”

दादाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पाणी मागितलं.

ताईच्या बाजूने आज सर्वांत जोरात उभी होती ती वहिनी, आणि तेच ताईला जरा जड जात होतं. सकाळपासून वहिनीने तीन वेळा तिच्या कपाटातले कपडे काढून पाहिले होते, केस कसे बांधायचे ते सांगितलं होतं, स्वतःची घड्याळं पुढ्यात मांडली होती. “ताई, तुम्ही जायलाच पाहिजे,” ती परत म्हणाली. “किती दिवस असं अंधारात डोळे फोडणार? बाईमाणसाने स्वतःच्या पायावर उभं राहावं.” वहिनीचा भाऊ काउंटरच्या मागे उभा राहायला मोकळाच होता, हे तिने बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवायची गरजही नव्हती.

“ते सगळं ठीक,” आत्या म्हणाली. “पण ही गेल्यावर चष्मे कोण बसवणार? तुझा भाऊ?”

“त्याला कसं जमेल?” दादा म्हणाला. “आणि घरचं माणूस पाहिजे. ही आहे की.” त्याने अंगठा वहिनीकडे दाखवला.

वहिनीच्या हातातली घड्याळं तशीच राहिली. “मी? मला काय कळतं चष्म्यातलं?”

“शिकशील. तसं काही विशेष नसतं. बसायचंच तर असतं दुकानात.”

ताई टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. गेली अठरा वर्षं ती दुकानात बसत होती, हे तिला आजच कळलं. वहिनीने मात्र क्षणात हिशेब मांडला. घड्याळं एकेक करून डबीत गेली, आणि ती ताईकडे झुकून मायेने म्हणाली, “खरं सांगू का ताई, इस्पितळांत राजकारण फार असतं म्हणे. आणि सारखी आजारी माणसं समोर. तुमचा स्वभाव हळवा.”

“मघाशी तर पायावर उभी राहत होते मी.”

“उभं राहायला घरात काय जागा नाही?”

“आहे ना,” ताई म्हणाली. “डोकं जरा वाकवावं लागतं, एवढंच.”

धाकट्याने टेबलावर पेन आपटलं. मुलाखत चालू असताना समितीने आपसांत भांडायचं नसतं, असं त्याचं म्हणणं होतं. तो पुढचा प्रश्न शोधत होता, तेवढ्यात ताईने सकाळपासून ओठांवर आलेली गोष्ट बाहेर काढली. बाहेर काढणं भागच होतं, घड्याळ पुढे चाललं होतं.

“प्रश्न राहू देत,” ती म्हणाली. “आधी आज दुपारी इस्पितळातून फोन येणार आहे. उमेदवाराला बोलवण्याआधी तिथल्या बाई सध्याच्या मालकाशी बोलतात. ते बोलणं नीट झालं तरच उद्या या, असं म्हणाल्यात. मी दुकानाचा नंबर दिलाय.”

“सध्याचा मालक म्हणजे?” धाकटा म्हणाला, आणि मग सगळ्यांनी दादाकडे पाहिलं.

दादाने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

“माझा नंबर कशाला दिलास?” तो म्हणाला.

“दुसरा कुणाचा देणार? दुसरीकडे कुठे काम केलंय मी?”

त्यानंतर खुर्च्यांची जी हलवाहलव झाली ती पाहण्यासारखी होती. ताई उठली आणि दादाला तिच्या खुर्चीत बसवण्यात आलं. ज्या माणसाने आजवर घरात फक्त प्रश्न विचारले होते, तो पहिल्यांदाच टेबलाच्या अलीकडे बसला, आणि खुर्ची डुगडुगते अशी तक्रार करू लागला. सूत्रं आपोआप आत्याकडे गेली. ती उभं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढून निवृत्त झाली होती. माणूस खोटं बोलायच्या आधी श्वास घेतो आणि खरं बोलायच्या आधी घेत नाही, असा तिचा सिद्धांत होता, आणि तो तिने घरातल्या प्रत्येकावर वापरून पाहिला होता. तिने टीव्हीचा रिमोट कानाला लावला.

“नमस्कार. डोळ्यांच्या इस्पितळातून बोलतेय,” ती म्हणाली. आवाज इतका वेगळा, गुळगुळीत निघाला की वहिनी दचकली. “आपल्याकडे त्या कधीपासून आहेत?”

“लहानपणापासून,” दादा म्हणाला.

“कामाला.”

“हां. म्हणजे बाबा गेले तेव्हापासून. तेव्हा तात्पुरतीच आली होती.”

“त्यांचं पद काय?”

दादाने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने वहिनीकडे. “पद असं नाही,” दादा म्हणाला. “आम्ही ताईच म्हणतो. गिऱ्हाईकंही ताईच म्हणतात.”

“त्या नेमकं काय करतात?”

“मदत करते.”

“कुणाला?”

“मला.”

“मग आपण काय करता?”

“आत्या, असं त्या बाई विचारणार नाहीत.”

“मी त्या बाईंच्या जागी असते तर हेच पहिलं विचारलं असतं,” आत्या म्हणाली आणि रिमोट खाली ठेवला.

धाकट्याने सूत्रं परत हिसकावून घेतली. दादाला तोंडी काही जमणार नाही, त्याला लिहूनच द्यावं लागेल, असं ठरलं. धाकट्याने कागद ओढला आणि भराभर लिहिलं. ‘संघभावना’, ‘ग्राहकाभिमुख’, ‘दूरदृष्टी’ असले शब्द त्याच्याकडे तयार मालासारखे पडून होते. दादाने चष्मा लावला, कागद हातभर लांब धरला आणि उभा राहून वाचू लागला. “अत्यंत मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष आणि सदैव हसतमुख अशा आमच्या ताई…”

“अरे, जिवंत आहे ती,” आत्या म्हणाली.

वाचता वाचता दादाचा चष्मा नाकावरून घसरत होता. तो दर ओळीला वर ढकलत होता. शेवटी वैतागून त्याने तो काढला आणि न बघता बाजूला हात केला. ताईनेही न बघता तो घेतला. खिशातला बारीक पेचकस तिच्या हातात कधी आला ते तिचं तिलाही कळलं नाही. नाकावरच्या गादीचा स्क्रू सैल झाला होता.

“एक विचारू?” दादा म्हणाला. कागद त्याने टेबलावर ठेवला होता. “मी सांगितलंच नाही काही चांगलं, तर?”

तो हे हसत हसत म्हणाला, पण ते हसू पुरेसा वेळ टिकलं नाही. वहिनीने मान डोलावली, म्हणजे हा पर्याय तिला पसंत होता. धाकटा म्हणाला, “दादा, हे बरोबर नाही,” पण तेही त्याने लॅपटॉपकडे बघत म्हटलं. उद्या खाली दुकानात अडचण झाली तर सुट्टीच्या दिवशी कुणाला बोलावणं येईल, हे त्याच्याही ध्यानात आलं असावं.

“तर काही नाही,” ताई म्हणाली. “उद्या सकाळी नेहमीसारखं शटर उघडेन.”

तिने हे अगदी साधेपणाने म्हटलं, आणि म्हणताना तिला भीती वाटली. ती उघडेल हे दादाला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. तिला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती की गेला आठवडाभर त्या इस्पितळाच्या रस्त्याने जायचंसुद्धा तिने टाळलं होतं, नजर लागेल म्हणून. एवढ्या वयात अशी इच्छा मनात धरल्याची तिला थोडी लाजही वाटत होती. आणि ती इच्छा आता दादाच्या जिभेवर येऊन बसली होती, जी जीभ आजवर कुणाची तारीफ करायला कधी वळलीच नव्हती.

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला.

दुकानाच्या फोनची एक जोडणी वर बैठकीच्या खोलीत होती. तो वाजला आणि सगळे जण सवयीने ताईकडे बघू लागले. आजवर तो फोन तिच्याशिवाय कुणी उचललेला नव्हता. ताईच्या एका हातात दादाचा चष्मा, दुसऱ्या हातात पेचकस, स्क्रू ओठांत धरलेला. तिने स्क्रू तळहातावर घेतला, कोपराने रिसीव्हर ढकलून खांद्यात पकडला आणि तिच्या तोंडून नेहमीचं वाक्य गेलं, “नमस्कार, चष्म्याचं दुकान, ताई बोलतेय.”

धाकट्याने कपाळावर हात मारला.

“हो,” ताई म्हणाली. “हो, मीच. मालक आहेत, देते.”

आत्या चपळाईने उठली आणि तिने फोनचं बटण दाबलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं. परक्याचं बोलणं ऐकणं हा तिच्यासाठी गुन्हा नव्हता, नोकरी होती. दादाने कागद उचलला. मग डोळे बारीक केले. मग कागद लांब धरला, अजून लांब धरला, आणि शेवटी हात संपला. त्याने चष्म्यासाठी बोटं नाचवली. ताईने चष्मा दाखवला. एक गादी निघालेली, आणि स्क्रू तळहातावरून घरंगळून कुठे तरी गालिच्यात.

चष्म्याच्या दुकानाचा मालक कागद खाली ठेवून बोलायला लागला.

“त्या आपल्याकडे काय काम करतात?” पलीकडच्या बाईंचा आवाज कामापुरता होता.

“दुकानातलं,” दादा म्हणाला. “म्हणजे… असते दुकानात.”

“जबाबदाऱ्या?”

“तशा काही… सगळ्याच.”

वहिनीच्या चेहऱ्यावर समाधान पसरू लागलं. ताई गुडघ्यांवर बसून गालिच्यात स्क्रू शोधत होती. तिला कुणाचं तोंड बघायचं नव्हतं.

“बरं,” बाई म्हणाल्या. “त्यांच्या काही उणिवा? काही तक्रार?”

आणि दादा खुलला. इतका वेळ अनोळखी मुलखात चाचपडणाऱ्या माणसाला अचानक स्वतःची गल्ली दिसावी, तसं झालं. या विषयाची त्याला तयारी लागणार नव्हती.

“आहेत ना,” तो म्हणाला आणि खुर्चीत नीट बसला. “किती सांगू? गिऱ्हाईक नवा चष्मा घ्यायला येतं. हिने काय करावं? आधी त्याचा जुना मागून घ्यावा. मग तो पुसणार, दांड्या गरम करून वाकवणार, त्याच्या नाकावर बसवणार आणि सांगणार, अजून वर्षभर चालेल हा, नवा कशाला घेता. दारात आलेला माणूस हसत परत जातो. असा धंदा होतो का?”

धाकटा हातांनी खुणा करून त्याला थांबवू लागला. दादाला चष्म्याशिवाय खुणाही नीट दिसत नव्हत्या.

“दुसरं म्हणजे ऐकत नाही. भिंग कारखान्यातून जरा चुकून आलं, अगदी केसभर हो, की परत पाठवलंच. मी म्हणतो, कुणाला कळणार आहे? तर म्हणते, ज्याला घालायचाय त्याला. आता यावर काय बोलायचं? माझा चारचौघांत पाणउतारा होतो.”

“हळू सांगा,” बाई म्हणाल्या. “मी लिहून घेतेय.”

“घ्या, घ्या लिहून. आणि माणसं जोडून ठेवलीयत सगळी. भांडायला कुणी आलं तर मालकाकडे यावं की नाही? पण नाही. ताईंना बोलवा. भांडण संपतं आणि तिथेच सुनेचं, जावयाचं, गुडघ्याचं सुरू होतं. मी गल्ल्यावर बसलेला असतो, मला कुणी रामरामसुद्धा घालत नाही. सुट्टी घेत नाही कधी, त्यामुळे मलाही घेता येत नाही. ती दुकानात असताना मी घरी बसलो तर लोक काय म्हणतील?”

तो दम घ्यायला थांबला. वहिनीने डोळे मिटले होते, पण आता ते समाधानाने नव्हते. तिला कळलं होतं. आत्याला तर केव्हाच कळलं होतं, ती तोंडाला पदर लावून बसली होती. फक्त दादाला अजून कळलेलं नव्हतं की तो काय करतोय.

ताई गालिच्यावरच बसून राहिली. भिंग परत पाठवताना ती काय म्हणाली होती ते दादाने शब्दन् शब्द सांगितलं होतं. तो ऐकत होता तर. इतकी वर्षं गल्ल्यावर पाठ करून बसलेला हा माणूस सगळं ऐकत होता, आणि चिडून चिडून साठवत होता. तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि त्यातलं कुठलंच आत्ता बाहेर येऊन चालणार नव्हतं.

“शेवटचं विचारते,” बाई म्हणाल्या. आवाज आता कामापुरता राहिला नव्हता. “त्या आमच्याकडे आल्या तर तुमची सोडायची तयारी आहे ना?”

“नाही,” दादा म्हणाला.

आत्याने कान टवकारले. त्याने श्वास घेतला नव्हता.

“नाही?”

“तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझी तयारी नाही. ती गेली तर मला दुकान चालवता येणार नाही. पण तिने अर्ज करताना मला विचारलं नाही, आणि मी आजवर कशातच तिला विचारलेलं नाही. तिचं टेबल हलवलं तेव्हाही नाही. म्हणजे आमची फिट्टंफाट झाली. आता काय ते तुम्ही आणि ती बघा.”

“उद्या दहाला पाठवा त्यांना,” बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला गेला.

वहिनी उठून आत गेली. तिच्या जाण्यात राग होता, पण मुख्यतः घाई होती. भावाला आत्ताच फोन करून चष्मे बसवायला शिकतोस का ते विचारायचं होतं. धाकटा म्हणाला, “मी हेच सांगत होतो, प्रामाणिक राहा,” आणि आपला कागद हळूच घडी करून खिशात घातला.

ताईला स्क्रू सापडला. तिने गादी बसवली, चष्मा पदराने पुसला आणि उठून दादाच्या नाकावर स्वतः चढवला. दोन्ही कानांमागे बोटं फिरवून पाहिली. चष्मा डोळ्यांवर आल्यावर दादाला पहिल्यांदा तिचा चेहरा दिसला असावा, कारण तो गोंधळला.

“राहशील का?” तो म्हणाला. इतक्या वर्षांत तिची मर्जी त्याने पहिल्यांदाच विचारली होती, आणि त्याचा आवाज विचारण्याची सवय नसल्यासारखाच आला. “टेबल पुढे आणतो. कव्हरं काढून टाकतो सगळी. राहतेस?”

हेच ऐकायला ती महिनाभर जिन्याखाली बसून होती. तेव्हा ऐकलं असतं तर तिथल्या तिथे रडली असती आणि राहिली असती.

“उद्या मुलाखत आहे माझी,” ती म्हणाली.

“ती झाल्यावर?”

“त्यांनी नको म्हटलं तर विचार परत.”

दादाने नाकावरचा चष्मा हाताने चाचपून पाहिला. चष्मा जागचा हलला नाही.

“नको कसे म्हणतील?” तो म्हणाला. “मीच सगळं सांगून बसलो ना.”